शिंगातले मीठ आणि अंगातले मीठ



आजचा लेख एका प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहे. प्रश्न आमच्या वस्तीतल्या एका काकूंनी विचारला होता. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही आणि ती गोष्ट मनाला लागून राहिली.

गेल्या वर्षी १४ एप्रिलला आमच्या विहारात रक्तदाब तपासणीचे शिबिर ठेवले होते. मी डॉक्टर नाही, कारकून माणूस. शिबिरात टेबलाशी बसून रजिस्टर लिहायचे आणि प्रत्येकाच्या कार्डावर आकडा उतरवायचा, एवढेच माझे काम. त्या दिवशी काकांचा आकडा निघाला १८०/११०. काका पावरलूमवर बारा तासांची पाळी करणारे, वय पन्नाशीच्या पुढचे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, कसलीच तक्रार नाही. डॉक्टरांनी त्यांना समजावले, सरकारी दवाखान्यात पाठवले, गोळ्या सुरू झाल्या. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला तेव्हा आम्ही पुन्हा तपासणी केली. काकांचा आकडा १३०/८०. मला आनंद झाला. मी म्हटले, "काका, जिंकलात की!" आणि कार्डावर ठळक अक्षरात लिहिले : नॉर्मल.

काकांनी ते कार्ड घरात दाखवले आणि गोळ्या बंद केल्या. नॉर्मल झाल्यावर गोळी कशाला? रोज गोळी आणायला जायचे म्हणजे अर्धी पाळी बुडते, खाडा पडतो. शिवाय "गोळीची सवय लागते" असे कारखान्यात चार जण सांगणारे होतेच.

ऑक्टोबरात अशोक विजयादशमीला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचे ठरले होते. तिकीट काढून झाले होते. त्याच्या चार दिवस आधी पहाटे काका मोरीत पडले. उजवा हात, उजवा पाय गेला, वाचा गेली. दवाखान्यात रक्तदाब भरला २१०/१२०. मी भेटायला गेलो तेव्हा काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी रडत नाही, भांडत नाही, साधेच विचारले :

"भाऊ, बीपी तर बरी झालती ना? तुमीच लिहून देलतं कारडावर. मग आसं कसं झालं?"

बंधूंनो, त्या कार्डावरचे अक्षर माझे होते. म्हणून मी डॉक्टरांना गाठले, पुस्तके आणली, समजेपर्यंत वाचले. जे समजले ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

वैशालीचा वाद

सुरुवात जरा लांबून करतो. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीला दुसरी धम्मसंगीती भरली. वज्जी भिक्खूंच्या दहा गोष्टी विनयाला धरून आहेत की नाहीत, हा तिथला वाद होता. त्या दहांतली पहिली गोष्ट कोणती होती? शिंगात मीठ साठवून ठेवणे! भिक्षेत अळणी अन्न मिळाले तर उपयोगी पडावे म्हणून काही भिक्खू जनावराच्या शिंगात मीठ भरून जवळ ठेवत. संगीतीने ते अयोग्य ठरवले, कारण आज शिंगात मीठ साठवणारा उद्या आणखी काही साठवील.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. घरदार सोडलेल्या माणसालाही मिठाचा साठा सोडवेना. ही ओढ केवळ जिभेची नाही. मिठाशिवाय शरीर चालत नाही, आणि म्हणून आपल्या प्रत्येकाच्या शरीरातही असेच एक शिंग आहे. त्याचे नाव किडनी, म्हणजे मूत्रपिंड.

किडनीचा जमाखर्च

हिशेबाच्या वहीत दिवसभराची उलाढाल लाखाची असते आणि संध्याकाळची शिल्लक शंभराची. किडनीचे तसेच आहे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्या पाण्याबरोबर गाळले जाणारे मीठ सुमारे दीड किलो भरते! एवढे मीठ जर लघवीवाटे गेले तर माणूस एका दिवसात संपेल. म्हणून किडनी ते जवळजवळ सगळे परत रक्तात जमा करते, आणि आपण दिवसभरात जेवढे खाल्ले साधारण तेवढेच खर्ची टाकते. दीड किलोच्या उलाढालीत पाच-दहा ग्रॅमचा हिशेब जुळवायचा, हे आमच्यासारख्या कारकुनाला लाजवणारे काम आहे.

आता मिठाचा आणि रक्तदाबाचा संबंध काय? मीठ जिथे थांबते तिथे पाणी थांबते. अंगात मीठ जास्त राहिले की पाणी जास्त राहते, रक्ताचे आकारमान वाढते. वस्तीतल्या नळाला पाणी जोरात आले आणि पाइप अरुंद असला की जोडावरून पाणी उडते ना, तसेच हे आहे. नळी तीच, पाणी जास्त, म्हणजे दाब जास्त. त्यात नळ्याच आवळल्या तर आणखी जास्त. रक्तदाबाचा वरचा आकडा म्हणजे हृदय आवळते तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे हृदय सैल पडते तेव्हाचा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा पुन्हा येऊ लागला की त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

निरोप्यांची साखळी

मीठ किती ठेवायचे, किती सोडायचे, हे किडनीला कोण सांगते? ते काम हार्मोनचे. मराठीत त्याला संप्रेरक म्हणतात. हार्मोन म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप्या. एका अवयवाने निरोप धाडायचा, दुसऱ्याने तो ऐकायचा.

रक्तदाब उतरला, किडनीपर्यंत मीठ कमी पोचू लागले, किंवा भीती वा रक्तस्राव यामुळे मज्जातंतूंनी धोक्याची सूचना दिली, की किडनीतल्या काही पेशी रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडतात. यकृताने बनवलेले एक प्रथिन रक्तात नुसतेच फिरत असते. रेनिन त्याचा एक तुकडा तोडते. तो तुकडा फुप्फुसात पोचला की तिथली दुसरी कात्री त्याला आणखी छाटते आणि तयार होतो अँजिओटेन्सिन. हा सगळ्यात जहाल निरोप्या. तो रक्तवाहिन्या आवळतो, तहान लावतो, आणि किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली जी अॅड्रिनल ग्रंथी असते तिला जाऊन सांगतो, "मीठ जपा." ती ग्रंथी मग अल्डोस्टेरॉन हे हार्मोन सोडते. अल्डोस्टेरॉन किडनीला हुकूम करते : सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य भाग, आत घे आणि पोटॅशियम बाहेर टाक. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथीसुद्धा आपले हार्मोन धाडून पाणी राखायला सांगते. अशी ही साखळी.

उलटा निरोप देणाराही एक आहे, आणि तो आहे खुद्द हृदय. रक्त फार साचून हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की ते स्वतःचे हार्मोन सोडून किडनीला सांगतात, "आता मीठ जाऊ द्या." कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी १९८१ साली हे दाखवून दिले. तोवर हृदयाला नुसता पंप समजत.

ही साखळी उलगडायला शास्त्रज्ञांच्या पिढ्या लागल्या. १८९८ साली स्वीडनमध्ये टायगरस्टेड आणि त्याचा विद्यार्थी बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क टोचून रक्तदाब वाढतो हे पाहिले आणि त्यातल्या पदार्थाला रेनिन नाव दिले. पुढे पस्तीस वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९३४ साली अमेरिकेत गोल्डब्लॅट यांनी कुत्र्याच्या किडनीची रक्तवाहिनी चिमट्याने थोडी आवळली आणि कुत्र्याचा रक्तदाब चढला. किडनीला वाटले, दाब कमी झाला, म्हणून तिने साखळी चालू केली! अल्डोस्टेरॉन वेगळे काढण्याचे काम १९५३ साली लंडनला झाले. त्यात सिल्व्हिया सिम्प्सन या बाईंचा मोठा वाटा होता. आपल्या मुलींनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे.

टंचाईसाठी बनलेले शरीर

आता मुख्य मुद्दा. ही सारी व्यवस्था टंचाईच्या काळासाठी बनलेली आहे. लाखो वर्षे माणसाला मीठ सहजी मिळत नव्हते. जे मिळेल ते राखणारा जगला.

१९८८ साली इंटरसॉल्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी दहा हजारांहून जास्त लोकांची चोवीस तासांची लघवी गोळा करून मीठ मोजले, रक्तदाब मोजला. भारतातली दोन ठिकाणे त्यात होती, दिल्ली आणि लडाख. लडाखचे आपले बौद्ध बांधव चहातही लोणी आणि मीठ घालतात हे तुम्ही ऐकले असेल. त्याच अभ्यासात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी आदिवासी होते. ते वरून मीठ घेतच नाहीत. त्यांचा सरासरी रक्तदाब ९६/६० च्या आसपास, आणि वय वाढले तरी तो वाढत नाही. त्यांच्या रक्तात रेनिन आणि अल्डोस्टेरॉन मात्र भरपूर, हे त्याआधीच्या तपासणीत दिसले होते. म्हणजे साखळी जोरात चालू, कण न् कण मीठ राखते आहे, आणि माणसे ठणठणीत आहेत. शरीर मुळात यासाठीच बनले आहे.

आपण काय करतो? त्याच शरीरात मीठ ओततो. खरे तर मीठ वाढले की साखळी थंड पडायला हवी. पुष्कळांची पडते. पण पुष्कळांची हवी तेवढी पडत नाही, किंवा किडनीला साध्या दाबावर एवढे मीठ बाहेर टाकणे झेपत नाही. मग ते ढकलण्यासाठी शरीर दाबच वाढवते. वर्षानुवर्षे दाब चढा राहिला की रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात, किडनी झिजते, झिजलेली किडनी मीठ आणखी कमी बाहेर टाकते. हे दुष्टचक्र आहे, आणि ते चालू असताना माणसाला काहीही दुखत नाही.

आपल्या चुलीचा इतिहास

इथे कोणी म्हणेल, लोकांना जिभेवर ताबा नाही. मला हे मान्य नाही. आपल्या आयाबायांनी मीठ चोचले म्हणून वापरले नाही. गावकुसाबाहेर तेल नव्हते, मसाला नव्हता. पातळ कालवणात मीठ-मिरची चढी असेल तरच कोरडी भाकर घशाखाली उतरायची. मिळालेले मांस टिकवायचे तर मीठ लावून वाळवायचे, त्याच्या चान्या करायच्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या या जेवणाची नोंद करून ठेवली आहे, ती मुळातून वाचावी. इकडे कोकणपट्टीला सुकट, बोंबील, खारा. ही सगळी गरिबीने शिकवलेली हुशारी होती, तिची लाज वाटायचे कारण नाही.

पण ती जीभ घेऊन आपण शहरात आलो आणि तिच्यावर शहराचे मीठ चढले. पाळीवर जाताना वडापाव, मधल्या सुट्टीत फरसाण, पोरांच्या हातात वेफर्सची पुडी, रात्री दोन मिनिटांच्या शेवया, ताटात लोणचे-पापड. २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत भारतीय माणसाचे रोजचे मीठ सरासरी ८ ग्रॅम निघाले. जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळे मिळून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत २१ टक्के रक्तदाबाचे निघाले. आपल्या चाळीच्या एका मजल्यावर चाळीस मोठी माणसे असतील तर त्यातली आठ-नऊ जण, आणि त्यातल्या कितींना ते ठाऊक आहे?

सापाच्या विषातून आलेली गोळी

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो. बीपी बरी झाली होती का?

ब्राझीलमध्ये एक जातीचा फुरसे-घोणसासारखा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब एकदम कोसळतो. १९६० नंतर सर्जिओ फेरेरा या शास्त्रज्ञाने त्या विषाचा अभ्यास केला. पुढे लक्षात आले की मघाशी सांगितलेली फुप्फुसातली कात्री हे विष बोथट करते. कात्री बोथट, म्हणजे अँजिओटेन्सिन तयार होत नाही, म्हणजे दाब उतरतो. त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे औषध बनले आणि १९८१ साली अमेरिकेत वापरात आले. आज मिळणारी एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही त्याचीच भावंडे. लोसार्टन, टेल्मिसार्टन या गोळ्या कात्रीला हात लावत नाहीत. अँजिओटेन्सिन ज्या कुलपात किल्लीसारखा बसतो ते कुलूपच त्या अडवून ठेवतात. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला अडवते. क्लोरथॅलिडोन जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढते. अॅम्लोडिपिन आवळलेली रक्तवाहिनी सैल करते.

पण यातली एकही गोळी रेनिन कायमचे बंद करत नाही. किडनी आज रेनिन सोडते, उद्याही सोडणार. निरोप्या रोज निघतो, म्हणून त्याला अडवणारा दारावर रोज उभा पाहिजे. रोजच्या एका गोळीचा अंमल साधारण एका दिवसाचा. ती संपली की दार उघडे. काकांचा १३०/८० हा आकडा त्यांच्या रोगाचा नव्हता, गोळीचा होता. गोळी थांबली आणि साखळी पुन्हा मोकळी झाली. "सवय लागते" ही समजूतही इथेच चुकते. सवय गोळीची लागत नाही. अंगातले हार्मोन थांबत नाही, म्हणून गोळी थांबवता येत नाही. वजन उतरले, मीठ उतरले तर डॉक्टर गोळी कमी करू शकतात, पण ते त्यांनी करायचे, कार्ड बघून आपण नाही.

तेव्हा काकू, उत्तर असे आहे : बीपी बरी झाली नव्हती, ताब्यात आली होती. या दोन शब्दांतला फरक मला ठाऊक नव्हता, म्हणून मी चुकीचा शब्द लिहिला.

हार्मोनच बिघडते तेव्हा

काही माणसांत दोष मिठाचा कमी आणि ग्रंथीचा जास्त असतो. १९५४-५५ साली अमेरिकेत डॉ. कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक बाई आली. रक्तदाब चढा, हातापायात ताकद नाही, वांब येतात, रक्तात पोटॅशियम कमी. अॅड्रिनल ग्रंथीवर लहानशी गाठ होती आणि ती विनाकारण अल्डोस्टेरॉन सोडत होती. गाठ काढली आणि बाई बरी झाली. पूर्वी हा आजार दुर्मिळ समजत. आता डॉक्टर सांगतात की रक्तदाबाच्या शंभर रुग्णांत साधारण पाच ते दहा जणांना हा दोष असू शकतो. तीन तीन गोळ्या घेऊनही दाब उतरत नसेल, फार तरुण वयात रक्तदाब लागला असेल किंवा पोटॅशियम कमी येत असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "अल्डोस्टेरॉनची तपासणी करायची का?" विचारण्यात अपमान कोणाचाच नाही.

याच्या उलटही होते. लंडनच्या डॉ. अॅडिसन यांनी १८५५ साली अॅड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचा आजार वर्णन केला. आपल्या देशात त्याचे एक मोठे कारण आहे टीबी. टीबी फक्त छातीचा नसतो, तो या ग्रंथीही खातो. मग अल्डोस्टेरॉन बनत नाही, मीठ लघवीवाटे वाहून जाते, रक्तदाब उतरतो, माणूस वाळतो, कातडी आणि हिरड्या काळवंडतात, आणि मीठ खावेसे वाटत राहते. भिवंडीत, जिथे एका खोलीत आठ-दहा कामगार आळीपाळीने झोपतात, तिथे टीबी नवा नाही. असा माणूस दिसला तर बाहेरचे झाले म्हणून बुवाकडे नेऊ नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आपण. दवाखान्यात न्या.

घरात काय करायचे

आधी घरचे मीठ मोजा. पाच माणसांचे घर, माणशी ५ ग्रॅम, तीस दिवस, म्हणजे महिन्याला ७५० ग्रॅम. तुमच्या घरात किलोच्या किती पिशव्या येतात? दोन येत असतील तर बाहेरचा वडापाव धरायच्या आधीच हिशेब दुपटीवर गेला. एकदम अळणी करू नका, कोणी जेवणार नाही. दर आठवड्याला चिमूट चिमूट कमी करा. जिभेला महिना-दीड महिन्यात सवय होते. लिंबू, कोकम, चिंच, लसूण, कोथिंबीर यांनी चव राखा. सुका बोंबील सोडा असे मी सांगणार नाही. पण तो भिजवून, दोन पाण्यांत धुऊन घ्या आणि त्या दिवशी कालवणात वेगळे मीठ घालू नका. ताटात मिठाची वाटी ठेवणे बंद करा.

कमी सोडियमचे मीठ बाजारात आले आहे. त्यात थोडा भाग पोटॅशियमचा असतो. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही घरी असे मीठ वापरण्याची शिफारस केली. पण किडनी अधू असेल तर ते घातक ठरू शकते, आणि टेल्मिसार्टन, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

अंगदुखीच्या गोळ्यांविषयी कळकळीने सांगतो. लूमवर उभे राहून, गोदामात गठ्ठे वाहून कंबर मोडते, आणि मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी मागून रोज घेतली जाते. या गोळ्या किडनीला मीठ धरून ठेवायला लावतात, दाब वाढवतात, रक्तदाबाच्या गोळीचे काम कमी करतात आणि किडनीला इजा करतात. दुखण्याचे औषध डॉक्टरांकडूनच घ्या. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळतात, तेही रोज भरपूर नको. ते अल्डोस्टेरॉनसारखाच परिणाम घडवते.

उन्हाळ्यात लूमच्या खोलीत घामाने बनियन पिळावा लागतो, मग मीठ नको कसे, असे कामगार विचारतात. प्रश्न योग्य आहे. रोजच्या घामात जाणारे मीठ बहुतेकांचे जेवणातूनच भरून निघते, पाणी मात्र भरपूर प्या. जुलाब-उलट्या लागल्या तर गोष्ट वेगळी. तेव्हा मीठ हेच औषध आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या दोन दिवस थांबवाव्या लागतात.

आणि भगिनींनो, रक्तदाबाची गोळी चालू असताना दिवस राहिले तर लगेच सांगा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल या गोळ्या पोटातल्या बाळाला अपाय करतात. डॉक्टर दुसरी गोळी देतात, मात्र मनानेच गोळी बंद करू नका.

नवे रजिस्टर

बाबासाहेब मधुमेहाने आणि इतर व्याधींनी जर्जर झाले होते, तरी रात्र रात्र लिहीत बसत. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले तेव्हा वय होते अवघे ६५. त्या काळात आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. आज त्या आहेत, आणि सरकारी दवाखान्यात त्या मोफत देण्याची व्यवस्था आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. म्हणजे शास्त्रज्ञांनी त्यांचे काम केले आहे, उरलेले काम आपले आहे.

आमच्या विहारात आता आम्ही एक बदल केला आहे. रजिस्टरमध्ये 'नॉर्मल' हा शब्द लिहायचा नाही. दोन रकाने ठेवले आहेत, 'आकडा' आणि 'गोळी चालू आहे का'. आकडा चांगला आणि गोळी चालू असेल तर कार्डावर लिहितो : "ताब्यात आहे. गोळी चालू ठेवा." महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर मोजणी होते. जो आला नाही त्याच्या घरी महिला मंडळाच्या दोघी जाऊन येतात. एका माणसाचा खाडा वाचावा म्हणून पाच घरांच्या गोळ्या एकच जण घेऊन येतो. खर्च काही नाही, फक्त रजिस्टर आणि माणुसकी लागते. तुमच्या विहारातही हे होऊ शकते.

काका आता काठी धरून विहारापर्यंत येतात. बोलणे अजून अडखळते, पण त्रिशरण-पंचशील सगळ्यांबरोबर म्हणतात. परवा मोजणीला काकूंनी त्यांचे कार्ड माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "भाऊ, नीट लिहा." मी आकडा लिहिला, गोळीचा रकाना भरला, आणि कार्ड त्यांना मोठ्याने वाचून दाखवले.

तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला. मिठाच्या बाबतीतही तोच खरा. अगदी सोडायचेही नाही आणि शिंगात भरून साठवायचेही नाही. येत्या रविवारी घरातली मिठाची पिशवी आणि गोळ्यांची पट्टी दोन्ही एकदा पाहा. पट्टीतली गोळी मध्येच थांबली असेल तर सोमवारी पहिले काम ते करा.

जयभीम! नमो बुद्धाय!